युद्धावरून घरी परत कोण येतं? ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ बघून पडलेले प्रश्न

मृण्मयी_वर्तकनगर | सोमवार, रात्री १०:४०

काल आमच्या सोसायटीत प्रोजेक्टर लावून १९४६चा हा सिनेमा बघितला. बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही पंधरा-वीस जण, चटया आणि चहाचा थर्मास. जवळजवळ तीन तासांचा, काळा-पांढरा, पण मधे कोणी फोनही काढला नाही. दुसरं महायुद्ध संपलंय, तीन जण एकाच विमानातून एकाच गावी परततात. एक बँकेतला साहेब, एक औषधाच्या दुकानात आइस्क्रीम-सोडा देणारा आणि तिसरा होमर, आरमारातला पोरगा, दोन्ही हात गेलेले, त्या जागी स्टीलचे आकडे.

होमरचं काम करणारा हॅरोल्ड रसेल नट नव्हता. ६ जून १९४४ला, म्हणजे नॉर्मंडीत फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, अमेरिकेतच ट्रेनिंग कॅम्पमध्ये स्फोटकं हाताळताना त्याचे दोन्ही हात गेले. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनावरच्या एका फिल्ममध्ये तो दिसला आणि दिग्दर्शक विल्यम वायलरने त्याला घेतलं. मूळ गोष्टीत होमरच्या मेंदूला इजा झालेली असते, रसेलसाठी ते पात्रच बदललं.

एक सीन डोक्यातून जात नाहीये. ज्या मुलीचं होमरवर प्रेम आहे तिला तो रात्री खोलीत नेतो, म्हणतो बघ, रोज झोपताना काय होतं ते बघ. खांदे हलवत तो पट्टे उतरवतो, आकडे पलंगावर पडतात आणि मग तो सांगतो की आता मी काहीच करू शकत नाही, दार वाऱ्याने लागलं तर ते उघडूही शकणार नाही. ती घाबरत नाही, रडत नाही, शर्टाची बटणं लावते आणि पांघरूण घालते. बस एवढंच.

माझ्या मोठ्या काकांचा पाय ७१ला सुरुंगात गेला, गुडघ्याच्या खाली. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, मग ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टाइमकीपर म्हणून लागले. किसननगरला एकच खोली होती. रात्री दिवा घालवायच्या आधी काकू आम्हा पोरांना म्हणायची “भिंतीकडे तोंड करा रे”, मग पट्ट्याचं बक्कल सुटल्याचा आवाज यायचा आणि मग कपाटामागे पाय टेकवून ठेवल्याचा. नऊ वर्षांची असताना मी एकदा वळून बघितलं. काकू त्यांच्या पायाच्या टोकावरचा मोजा काढत होती, तो घामाने इतका चिकटला होता की ती ओल्या फडक्याने थोडं थोडं भिजवत सोडवत होती आणि काका छताकडे बघत होते. हा प्रसंग मला आजवर आपल्या एकाही युद्धाच्या सिनेमात सापडला नाही, तो सापडला ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सिनेमात.

आणि तरी, सिनेमा संपल्यावर मला वाटलं की ज्या सिनेमाने एका माणसाचं शरीर इतकं खरं दाखवलं त्याच सिनेमात परत येणाऱ्या बाकीच्या माणसांचं काय? तिघेही नायक गोरे आहेत. ती बाकीची माणसं कुठे गेली? तुम्हाला काय वाटतं?

नौपाडकर | सोमवार, रात्री ११:१५

काकांबद्दल वाचून गलबलून आलं. सिनेमा मीही दोनदा बघितलाय, खूप आवडता. पण शेवटचा प्रश्न मला पटत नाही, स्पष्टच लिहितो. ही तीन माणसांची आणि एका छोट्या गावाची गोष्ट आहे, प्रत्येक सिनेमाने अख्ख्या देशाची हजेरी घ्यायची का? अशाने सिनेमा राहणार नाही, नुसती यादी होईल. उलट वर्गाच्या बाबतीत हा सिनेमा किती धीट आहे ते बघा. बँकेतला साहेब सैन्यात साधा सार्जंट असतो आणि सोडा देणारा फ्रेड हवाई दलात कॅप्टन असतो, छातीवर पदकं असतात. गावात परतल्यावर साहेब परत साहेब आणि कॅप्टन परत सोड्याच्या काउंटरमागे, त्याच दुकानात, आता पूर्वीच्या हाताखालच्या पोराच्या हाताखाली. भंगारात काढलेल्या बॉम्बर विमानांच्या रांगांमधून तो एकटा फिरतो आणि एका विमानात जाऊन जुन्या जागेवर बसतो, त्या सीनमध्ये बेकार सैनिकाबद्दल जे कळतं ते कुठल्या भाषणातून कळणार नाही.

कोपरीकर_वाचक | मंगळवार, सकाळी ७:५०

लोकलमधून टाइप करतोय, चुका समजून घ्या.

नौपाडकर, वर्गाबद्दल शंभर टक्के सहमत. पण मृण्मयीताई हजेरी मागत नाहीयेत असं मला वाटतं. त्याच वर्षी काय घडलं ते बघा. १२ फेब्रुवारी १९४६, आयझॅक वुडर्ड नावाचा कृष्णवर्णीय सार्जंट, जॉर्जियातल्या छावणीतून सन्मानाने सेवामुक्त होऊन बसने घरी निघाला, अंगावर युनिफॉर्म तसाच. लघवीला थांबण्यावरून बसच्या ड्रायव्हरशी बोलाचाली झाली, साउथ कॅरोलायनात ड्रायव्हरने पोलिस बोलावले आणि पोलिसांनी दंडुक्याने असं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. सैन्यातून सुटून काही तास झाले होते फक्त. मारणाऱ्या पोलिस प्रमुखावर खटला चालला आणि ५ नोव्हेंबरला सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं. हा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागला २१ नोव्हेंबरला, सोळा दिवसांनी.

म्हणजे ज्या आठवड्यांत लोक थिएटरात होमरसाठी डोळे पुसत होते त्याच आठवड्यांत युद्धावरून परतलेला दुसरा एक माणूस आंधळा होऊन घरी बसला होता, आणि त्याला आंधळं शत्रूने केलं नव्हतं. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्याच वेगळ्या होत्या, राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने त्या एकत्र करायचा हुकूम काढला २६ जुलै १९४८ला, आणि त्यामागे वुडर्डचं प्रकरण हे एक मोठं कारण होतं.

अजून एक. बँकेतला साहेब एका परतलेल्या शेतकऱ्याला तारण नसताना कर्ज देतो, किती सुंदर सीन आहे तो, माणसाचे हात बघून कर्ज देतो. पण माजी सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज द्यायच्या त्या योजनेचं प्रत्यक्षात काय झालं? १९४७ला मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली, ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली दोन. दोन. हे माहीत झाल्यावर तो सीन खोटा वाटत नाही पण अर्धा वाटतो.

नौपाडकर | मंगळवार, सकाळी ९:०५

वुडर्डचं मला माहीत नव्हतं. कर्जाचा आकडा वाचून गप्प बसलो. माझा मुद्दा थोडा सुधारतो, सिनेमाने सगळ्यांना दाखवलंच पाहिजे असं नाही, पण “आपल्या सैनिकांची गोष्ट” असं ज्याला सगळ्या देशाने म्हटलं, ज्याला सात ऑस्कर मिळाली, त्याच्याबद्दल “आपल्या म्हणजे कुणाच्या” हे विचारणं चूक नाही. सिनेमा लहान होत नाही त्याने.

ऐरोली_सेक्टर८ | मंगळवार, दुपारी १:२०

कोपरीकर, तुम्ही वुडर्डबद्दल लिहिलंत म्हणून धाडस करून आमच्या घरातलं लिहितो.

माझे पणजोबा महार रेजिमेंटमधून बर्माच्या आघाडीवर गेले होते. आपल्याकडे कितीजणांना माहीत असेल, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली, ज्यांच्या पिढ्या सैन्यात होत्या त्यांना सांगितलं तुम्ही लढाऊ जात नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, त्यांच्याच समाजाला दार बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला एक पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ला मोडूनही टाकली. मग १९४१ला बाबासाहेबांनी सरकारकडे धरलेला आग्रह आणि परत माणसांची गरज, तेव्हा बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

पणजोबा परत आले तेव्हा बूट, पेटी आणि एक पदक घेऊन आले. आजी सांगायची की पहिल्या दिवशी ते युनिफॉर्ममध्येच गावात शिरले आणि चावडीपाशी कुणीतरी हाक मारली, बूट काढून हातात घे. जंगलात जपान्यांसमोर जे बूट उतरले नाहीत ते गावात उतरवायला सांगितले. ते बूट घालूनच पुढे गेले, वस्तीपर्यंत. त्या रात्री वस्तीतल्या कुणीच दिवा लावला नाही, भीतीने. पुढे वर्षभरात ते गाव सोडून मुंबईला आले आणि गोदीत लागले, आम्ही ऐरोलीत आहोत ते त्या बुटांमुळे असं आजी म्हणायची.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्य जवळपास २५ लाखांचं होतं, स्वखुशीने भरती झालेलं जगातलं सगळ्यात मोठं सैन्य. त्यातले आपले मराठी किती असतील, आणि ते घरी आले त्याचा एक तरी सिनेमा? होमर टॅक्सीतून उतरतो, हात हलवून निरोप देतो आणि आकडे बघून त्याच्या आईच्या तोंडून हुंदका निघतो, तो क्षण. तसा चावडीपुढचा क्षण आपल्या पडद्यावर मला बघायचाय. पणजोबांच्या जागी नट कोणीही असू दे, पण लिहिणाऱ्याला ती बूट काढायची हाक कानात ऐकू आलेली असावी.

मृण्मयी_वर्तकनगर | मंगळवार, दुपारी २:१०

ऐरोली, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि थोडा वेळ जिन्यात जाऊन उभी राहिले. हे कुठेतरी सविस्तर लिहा ना, आजींनी अजून जे सांगितलं असेल ते सगळं.

खारघर_पी_अँड_ओ | मंगळवार, रात्री ९:३०

मी कृत्रिम हात-पाय बनवायचं काम करतो, सोळा वर्षं झाली, म्हणून होमरच्या आकड्यांबद्दल बोलायचा मोह आवरत नाही.

ते आकडे खांद्यांनी चालतात. पाठीवरून पट्ट्यांचं हार्नेस जातं, त्याला केबल, खांदा जरा पुढे ढकलला की केबल ताणली जाते आणि आकडा उघडतो, ढिली सोडली की रबर बँड तो मिटवतात. म्हणजे काडेपेटीतून काडी ओढताना रसेल खांद्याने विचार करतोय. धडधाकट नटाला महिनाभर शिकवून हे येत नाही, त्याचा खांदा उशिरा हलतो, आधी डोळे आकड्याकडे जातात. रसेलचे डोळे समोरच्या माणसाकडे असतात आणि आकडा आपोआप काम करतो. बारमध्ये तो पियानो वाजवतो तेव्हा बघा, आणि लग्नात नवरीच्या बोटात अंगठी घालतो तेव्हा. रिप्रेझेंटेशन हा शब्द मला जड वाटतो पण माझ्यासाठी त्याचा अर्थ हा आहे, डोळे कुठे आहेत. निर्मात्याने रसेलला परस्पर अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं तेव्हा वायलर चिडला होता म्हणतात, आणि बरोबरच चिडला. वायलर स्वतः युद्धात विमानातून शूटिंग करताना एका कानाने बहिरा झाला होता हे लक्षात घ्या, त्याला माहीत होतं तो काय मागतोय ते.

पण पुढचं ऐका. रसेलला एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाली, एक सहाय्यक अभिनेत्याचं आणि एक खास, माजी सैनिकांना उमेद दिल्याबद्दलचं. आणि वायलरनेच त्याला सांगितलं की कॉलेजात परत जा, हात नसलेल्या माणसाला सिनेमात फार कामं मिळणार नाहीत. तो गेला, बिझनेसची पदवी घेतली, माजी सैनिकांच्या संघटनेचं आणि अपंगांच्या रोजगाराचं काम आयुष्यभर केलं. पुढचा मोठा सिनेमा १९८०ला. दोन ऑस्करवाला माणूस, मधे चौतीस वर्षं. १९९२ला बायकोच्या आजारपणाच्या खर्चासाठी त्याने एक ऑस्कर ६०,५०० डॉलरला विकलं.

आपल्याकडे सांगलीचे मुरलीकांत पेटकर, ६५च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला २०२४ला, त्या नटाने अंग मोडून मेहनत केली हे दिसतं, मला राग नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये दोघं-तिघं नाटकात काम करणारे आहेत, एक तर गडकरी रंगायतनला एकांकिका करून गेलाय, पाय लावून. त्यांना ऑडिशनला बोलावलं जातं ते भिकाऱ्याच्या नाहीतर बॉम्बस्फोटाच्या सीनसाठी. हे मी सोळा वर्षं ऐकतोय.

मृण्मयी, काकूंनी मोजा भिजवून सोडवला ते अगदी बरोबर होतं. कोरडा ओढला की कातडी सोलते. त्यांना कुणी शिकवलं होतं का?

सुजाता_नेरूळ | बुधवार, सकाळी ११:४५

याच काकूंबद्दल मला बोलायचं होतं. सगळा धागा पुरुषांच्या शरीरांवर चाललाय.

सिनेमात मिली आहे, बँकेतल्या साहेबाची बायको, नवरा पहिल्याच रात्री दारू पितो आणि ती त्याला सांभाळून घेते, छान काम आहे. होमरची विल्मा आहे, ती बटणं लावते. आणि फ्रेडची बायको मेरी आहे जिला सिनेमा सरळ वाईट ठरवतो. का? लग्न झालं आणि वीस दिवसही धड एकत्र नाहीत तोवर नवरा युद्धावर गेला, ती नाइटक्लबमध्ये काम करून स्वतःचं पोट भरत होती, तो परत आला तर रात्री ओरडत उठतो आणि त्याला नोकरी नाही. तिला कंटाळा आला, तिला मजा करायचीय. म्हणजे जी बायको नर्स होते ती चांगली आणि जी होत नाही ती वाईट. मेरीचा एक तरी सीन असा हवा होता की ती एकटी आहे आणि आपल्याला तिच्या डोळ्यांतून तो ओरडणारा नवरा दिसतोय.

मी माहेरी माणगावला जाते तेव्हा यशवंत घाडगेंच्या स्मारकावरून जाते. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ला इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या चौकीवर चालून गेले आणि तिथेच गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या पत्नीच्या हातात दिला गेला. शाळेत आम्हाला त्यांचा धडा सांगायचे सर, चौकी कशी घेतली ते फळ्यावर खडूने काढून दाखवायचे. त्यांच्या पत्नीचं पुढे काय झालं हे एकाही वर्षी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता पन्नाशीत विचारावंसं वाटतंय. पदक हातात घेऊन ती गाडीत बसली असेल, गावाला परत आली असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काय केलं असेल? पाणी भरलं असेल ना?

कॅम्प_नंबर_३ | बुधवार, संध्याकाळी ६:२५

मी आता ठाण्यात असतो पण जन्म उल्हासनगरचा. लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प म्हणतात, कॅम्प एक ते कॅम्प पाच. नव्या पिढीला वाटतं हे असंच नाव आहे. ती खरी लष्करी छावणी होती, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ठेवायला कल्याणजवळ बराकी बांधल्या. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथेच ठेवलं. उल्हासनगर हे नाव १९४९चं.

आमच्या शेजारच्या दादी बराकीतल्या ज्या खोलीत राहायच्या तिच्या भिंतीत लोखंडी हूक होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर, सैनिकांचं सामान अडकवायला असणार. दादी त्यावर पिशव्या टांगायच्या, एका हूकला झुलेलालचा फोटो. एका युद्धातून उठून गेलेल्यांच्या खोलीत दुसऱ्या युद्धासारख्याच गोष्टीतून आलेले लोक. मराठीत याच्यावर सिनेमा का नाही असं मी खूपदा म्हणतो तर मित्र म्हणतात ती सिंध्यांची गोष्ट आहे, मराठीत कशी येईल. अरे पण दादी माझ्याशी मराठीत बोलायच्या, त्यांच्या ढंगाचं, मोडकं, आणि भाजीवाल्याशी भांडायच्याही मराठीत. ती ठाणे जिल्ह्याची गोष्ट आहे.

नौपाडकर | बुधवार, संध्याकाळी ७:००

हूकांच्या त्या ओळीवरच सिनेमा सुरू होऊ शकतो. खरंच.

बी_विंग_तळमजला | बुधवार, रात्री १०:१०

मृण्मयी, मी तुझ्याच सोसायटीत राहतो. लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

रविवारी मला यायचं होतं. व्हॉट्सॲपवर पोस्टर बघितलं, सिनेमाचं नाव वाचूनच मला यायचं होतं कारण होमरबद्दल मी फार वर्षांपूर्वी वाचलं होतं. क्लबहाऊस पहिल्या मजल्यावर आहे. पोडियमपासून आठ पायऱ्या, मग वळण, मग अजून अकरा. लिफ्ट तिथपर्यंत नाही. मला उचलून न्यायला चार पोरं आली असती, वाढदिवसांना नेतात, पण उचलून नेलेला माणूस तीन तासांत बाथरूमला जायचं म्हणाला की परत चार जण उठतात, मग मी पाणी पीत नाही, मग डोकं दुखतं. म्हणून आलो नाही. खिडकीतून आवाज येत होता, विमानांच्या सीनचं म्युझिक ओळखू आलं.

राग नाहीये, खरंच. तू काकूंचं लिहिलंस म्हणून एवढं लिहिता आलं.

मृण्मयी_वर्तकनगर | बुधवार, रात्री ११:५०

दादा, तासभर झाला हे वाचून. त्या पायऱ्या मी रोज चढते आणि त्या किती आहेत हे मला माहीत नव्हतं.

आत्ताच सेक्रेटरींना फोन केला, झोपले होते, उठवलं. येत्या शनिवारी परत लावतोय, हाच सिनेमा, पार्किंगच्या पोडियमवर, ए विंगच्या भिंतीला पांढरी चादर बांधून. वर स्लॅब आहे त्यामुळे पाऊस आला तरी चालेल, फक्त वॉचमनच्या केबिनकडून झड येते तिकडे ताडपत्री लावू. रॅम्प गेट नंबर दोनकडून आहे, तिथे उभ्या असतात त्या दोन स्कूटर हलवायला सांगितल्यात. वॉचमनच्या केबिनमागच्या टॉयलेटचा उंबरा मी उद्या सकाळी टेपने मोजते, दादा तुमच्या चाकाची रुंदी पण सांगा. संध्याकाळी साडेसहाला सुरू करू म्हणजे साडेनऊपर्यंत संपेल.

खारघर, काकूला आत्ता विचारलं, ती जागीच होती. कुणी शिकवलं नव्हतं म्हणाली. पुण्याहून आल्यावर पहिल्या रात्री कोरडाच ओढला, रक्त आलं, काका ओरडले नाहीत, त्यांनी उशीत तोंड घातलं. दुसऱ्या रात्रीपासून फडकं भिजवून घेतलं, एवढंच.

काकू शनिवारी येतेय. ऐरोली, सुजाताताई, कॅम्प तीन, नौपाडकर, सगळेच या. स्टेशनवरून वर्तकनगरची बस मिळते, नाक्याला उतरून फोन करा. चटया आहेत, खुर्च्या ज्यांना लागतील त्यांनी इथेच सांगा.